टॉर्चमध्ये तार कुठे असते? एका बंद टॉर्चचा प्रकरण अभ्यास

टॉर्च जुन्या पद्धतीची होती. धातूची नळकांडी, मागे फिरकीचं झाकण, पुढे काच, आत एकामागोमाग बसणारे दोन मोठे सेल. नवे सेल घातले तरी पेटत नव्हती. दहा-अकरा वर्षांची चार मुलं आठवड्यातून एकदा तासभर माझ्याकडे प्रयोग करायला येत. त्यांच्यापुढे ती ठेवली आणि म्हटलं, "ही दुरुस्त करायची आहे. पण आधी ही चालते कशी, ते मला सांगा."

त्यांनी झाकण काढलं, सेल बाहेर ओतले, नळकांडीला डोळा लावून आत पाहिलं. चौघांतला उंच मुलगा म्हणाला, "ताई, यात तार नाहीच."

खरंच नव्हती. सेलचा बोंडका बल्बच्या बुडाला टेकत होता, एवढंच दिसत होतं. त्यामुळे त्यांचा निष्कर्षही सरळ होता : सेलमधून वीज बल्बात जाते आणि बल्ब पेटतो, एवढंच. परत कुठे जायचा प्रश्नच नाही. टॉर्च दुरुस्त व्हायला चार आठवडे लागले. त्यातला बराचसा वेळ हा निष्कर्ष मुलांनी स्वतःच्या हातांनी मोडण्यात गेला. तो वेळ वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

मुलांची नावं इथे देत नाही. उंच मुलगा, सगळं टिपून ठेवणारी वहीवाली, सगळ्यांत लहान धाकटी, आणि हाताला लागेल ते लगेच जोडून बघणारा खटपट्या, अशी ओळख पुरेशी आहे.

आधी चित्र, मग जोडणी

पहिल्या दिवशी टॉर्च बाजूला ठेवली. प्रत्येकाला कागद दिला. एक दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि हवी तेवढी तार. बल्ब पेटेल असं चित्र काढायचं, हात लावायचा नाही.

उंच मुलाने सेलच्या बोंडक्यापासून बल्बच्या बुडापर्यंत एक तार काढली. खटपट्याने तारच काढली नाही, बल्ब थेट बोंडक्यावर उभा केला, टॉर्चमध्ये दिसला तसा. वहीवालीने सेलच्या दोन्ही टोकांपासून दोन तारा आणल्या आणि बल्बच्या बुडाशी एकाच ठिपक्यावर जोडल्या. कारण विचारलं तर म्हणाली, "एकीकडून प्लस येतं, दुसरीकडून मायनस. दोघांची टक्कर झाली की उजेड पडतो." धाकटीनेही दोन तारा काढल्या, पण एक बुडाच्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या बाजूच्या धातूला लावली. कारण? "खाली जागाच उरली नव्हती."

चित्र एकटीचंच बरोबर होतं, आणि तेही कागदावर जागा नव्हती म्हणून.

या कल्पना काही या चौघांपुरत्या नाहीत. न्यूझीलंडमधले रॉजर ऑस्बोर्न यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या विजेबद्दलच्या कल्पना नोंदवल्या, त्यात एका तारेवर भागवणारी मुलं होती, दोन्हीकडून टक्कर मानणारी होती, आणि बल्ब वीज खाऊन टाकतो असं मानणारीही होती. या कल्पना पुस्तकातून आलेल्या नसतात. आपली बोलीच त्यांना खतपाणी घालते. आपण म्हणतो लाइट आली, लाइट गेली, जणू ती पाहुण्यासारखी एका बाजूने येते. टॉर्चलाही आपण सर्रास बॅटरी म्हणतो, आणि मग बॅटरी म्हणजे सेलांचा संच हे मुलांना वेगळं सांगावं लागतं. भिंतीवरच्या बटणातूनही एकच वायर निघताना दिसते. तिच्या आत दोन तारा असतात हे कोणाला दिसत नाही. मूल जे बघतं त्यावरून चुकीचा पण तर्कशुद्ध निष्कर्ष काढतं. म्हणून नुसतं "असं नसतं" म्हणून तो पुसला जात नाही.

बरोबर जोडणी, तरी अंधार

मग जोडायला सांगितलं. उंच मुलाचा बल्ब पेटला नाही. खटपट्याचाही नाही, त्याने सेल उलटा करून पाहिला, तरी नाही. वहीवालीचाही नाही. आणि धाकटीचा, ज्याची जोडणी अगदी बरोबर होती, तोही नाही.

इथे चूक माझी होती. मी त्यांना दिलेली तार एका जुन्या मोटरच्या गुंडाळीतली होती. ती उघड्या तांब्यासारखी दिसते, चकाकतेही, पण तिच्यावर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा, पातळ थर असतो. गुंडाळीतले शेजारचे वेढे एकमेकांना चिकटून असतात. तो थर नसता तर वीज वेढ्यांतून न फिरता आडवीच निघून गेली असती. टोकं तासून द्यायची मी विसरले होते.

माझ्या लक्षात येईपर्यंत दहा मिनिटं गेली होती, आणि तेवढ्यात धाकटीने आपलं चित्र खोडरबरने पुसून वहीवालीचं चित्र उतरवून घेतलं होतं. ते पाहून मला वाईट वाटलं. बरोबर विचार करणाऱ्या मुलीला साधनाने खोटं ठरवलं होतं. मुलांना परिपथ शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगेन : सेल, बल्ब, तार, तिन्ही गोष्टी चालू आहेत याची खात्री आधी स्वतः करून घ्या. मुलाच्या हातात एका वेळी एकच अनोळखी गोष्ट असू द्या.

कारण मात्र मी लगेच सांगितलं नाही. भिंग दिलं आणि तारेचं कापलेलं टोक बघायला लावलं. कापलेला भाग गुलाबी, लख्ख. बाजूचा भाग तपकिरी आणि तकतकीत, वार्निश मारलेल्या लाकडासारखा. वहीवाली म्हणाली, "हिला कपडे घातलेत." पॉलिश पेपरची घडी करून त्यात टोक धरायचं आणि तार फिरवत ओढायची, असं चार-पाच वेळा केल्यावर सगळ्या बाजूंनी गुलाबी तांबं उघडं पडलं. धाकटीला म्हटलं, "मघाचं पुसलेलं चित्र आठवतंय? तेच जोड."

बल्ब पेटला. मिणमिणता आणि पिवळसर, कारण बल्ब अडीच व्होल्टचा आणि सेल दीडचा. पण पेटला. बाकीच्या तिघांच्या जोडण्या टोकं तासूनही पेटल्या नाहीत. खरा फरक आता कुठे समोर आला.

बल्बला दोन दारं असतात

धाकटीचाच का पेटला, हे बल्बमध्ये पाहिल्याशिवाय कळणारं नव्हतं. फिलामेंट, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं कुंतल, ही टंगस्टनची केसाहून बारीक गुंडाळलेली तार. तिला आधार देणाऱ्या दोन काड्या खाली जातात. एक बल्बच्या बुडाच्या टोकाला जोडलेली असते, दुसरी बाजूच्या धातूच्या टोपीला. या दोन्हींच्या मधे काळ्या काचेसारखं एक कडं असतं, त्यातून वीज जात नाही. ते कडं असतं म्हणूनच विजेला एका दारातून आत येऊन फिलामेंटमधून फिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडावं लागतं.

वहीवालीने दोन्ही तारा एकाच दाराला लावल्या होत्या, त्यामुळे फिलामेंटमधून जायचं कारणच उरलं नव्हतं. उंच मुलाचं दुसरं दार उघडंच नव्हतं. मुलांनी बोटाने वाट गिरवली : सेलचं धन टोक, तार, बल्बचं बूड, फिलामेंट, बाजूची टोपी, दुसरी तार, सेलचं ऋण टोक. आणि मग? "सेलच्या आतून परत वर," धाकटी म्हणाली. बरोबर. सेलच्या आतली वाटही या फेरीचाच भाग आहे. ही सलग बंद फेरी म्हणजे विद्युत परिपथ. कुठेही केसभर फट पडली की सगळ्या फेरीतली वीज एकदम थांबते, फटीच्या पुढची नुसती नाही. ही फट मुद्दाम पाडायची आणि बुजवायची सोय म्हणजे कळ, आपलं बटण.

सेल उलटा केला तरी बल्ब पेटतो हेही त्यांनी पाहिलं. म्हणून सुरुवातीला मी एलईडी देत नाही. त्यातून वीज एकाच दिशेने जाते, आणि न पेटल्यावर दोष फेरीचा की दिशेचा, हे मुलाला कळत नाही.

तेवढ्यात खटपट्याने एक तार सेलच्या दोन्ही टोकांना थेट लावली आणि "ओय" करून सोडली. तार तापली होती. यालाच शॉर्ट झालं म्हणतात, पुस्तकी नाव लघुपरिपथन. वाटेत बल्बचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, नाही, तारेचा नगण्य, त्यामुळे सेल देऊ शकेल तेवढी धारा, म्हणजे विजेचा प्रवाह, धावते. चांगल्या मोठ्या सेलमधून ती काही अँपिअर (धारा मोजायचं एकक) असते. मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीच्या बाबतीत हे करणं म्हणजे आगीशी खेळ, तो प्रकार पूर्ण वर्ज्य. गोळीएवढे बटण सेलही लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. गिळले तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर जखम होते.

"पहिल्या बल्बने खाल्ली"

दुसऱ्या आठवड्यात दोन सेल एकामागे एक, म्हणजे तीन व्होल्ट. एक बल्ब लावला, लख्ख पेटला. त्याच फेरीत एकापुढे एक दोन बल्ब लावायचे होते. ही एकसर जोडणी. जोडण्याआधी अंदाज लिहायला सांगितला. चौघांनीही लिहिलं : पहिला जास्त पेटेल, दुसरा कमी. उंच मुलाचं स्पष्टीकरण असं : "पहिला बल्ब आधी खाणार. उरलेली दुसऱ्याला."

जोडलं. दोन्ही मंद झाले. पण पहिला खरंच दुसऱ्यापेक्षा किंचित उजळ होता. चौघांनी एकच गलका केला, "बघा ताई!"

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. मी घाईने "नाही, सारखेच आहेत" म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मात्र गमावला असता. त्यांना दिसत होतं ते खरंच होतं. कारणाचा अंदाज तेवढा चुकला होता. मी विचारलं, "पहिला म्हणून जास्त पेटतोय, की तो बल्बच तसा आहे? कसं ओळखाल?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग वहीवालीने दोन्ही बल्ब काढले आणि जागा बदलून लावले. आता दुसऱ्या जागेवरचा बल्ब उजळ होता. तोच बल्ब. एकाच खोक्यातले दोन बल्बसुद्धा अगदी तंतोतंत सारखे नसतात, फिलामेंट जरा लांब किंवा जरा बारीक असतं. जागेचा इथे काही संबंध नव्हता. खटपट्याने खात्रीसाठी दोन्ही सेल उलटे घातले. तरी तोच बल्ब उजळ.

उंच मुलाचं समाधान झालं नव्हतं. "पण दोन्ही मंद झाले, म्हणजे वीज कमी पडली ना?" हा प्रश्न चांगला होता, आणि त्याचं उत्तर मीटरने द्यायचं ठरलं. मल्टिमीटर धारा मोजायच्या जागी लावला. मीटर फेरीत मधे घालावा लागतो. फेरी तोडून तिथे तो जोडायचा. थेट सेलला लावला तर शॉर्ट होतो, हे आधी सांगून ठेवलं. एकच बल्ब असताना ०.३१ अँपिअर. दोन बल्ब असताना पहिल्या बल्बाच्या आधी ०.२२. दोघांच्या मधे? अंदाज लिहा. उंच मुलाने ०.११ लिहिलं. मीटर म्हणाला ०.२२. दुसऱ्या बल्बाच्या पुढे, सेलकडे परत जाताना? पुन्हा ०.२२.

उंच मुलाने मीटर काढला, पुन्हा लावला, तारा घट्ट केल्या. आकडा तोच. मग तो म्हणाला, "मग बल्ब खातो काय?"

इथून पुढे शब्द अपुरे पडतात. मी सुताच्या जाड दोरीची गाठ मारून मोठं वेटोळं केलं. पाचजण गोल उभे राहिलो, दोरी प्रत्येकाच्या सैल मुठीतून गेलेली. मी सेल, मी दोरी एका हाताने आत घेत आणि दुसऱ्या हाताने बाहेर सोडत फिरवायला लागले. सगळ्यांच्या मुठीतून दोरी एकदमच सरकू लागली. मग धाकटीला म्हटलं, जरा घट्ट धर. तिच्या तळव्याला ऊब लागली. तो झाला बल्ब. दोरी संपली का? नाही, जेवढी आत गेली तेवढीच बाहेर आली. पण मला ओढायला जोर जास्त लागू लागला आणि दोरीचा वेग सगळीकडे सारखाच कमी झाला. मग उंच मुलानेही मूठ आवळली. दोरी आणखी हळू. दोघांच्याही तळव्यांना ऊब, पण प्रत्येकाला मघापेक्षा कमी.

वहीवालीने त्या रात्री वहीत तीन ओळी लिहिल्या, पुढच्या वेळी वाचून दाखवल्या. दोरी किती वेगाने सरकते ती धारा, अँपिअरमध्ये मोजतात. ताई किती जोराने ओढते ते विभवांतर, व्होल्टमध्ये. मूठ किती आवळली तो रोध, ओहममध्ये. मला याहून बरी मांडणी सुचली नसती. या तीन राशींचं नातं गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलं, आणि रोधाचं एकक त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

म्हणजे बल्ब वीज खात नाही. ढकलणाऱ्याने लावलेला जोर तिथे उष्णता आणि उजेड होऊन बाहेर पडतो. संपते ती सेलमधल्या रसायनांत साठवलेली ऊर्जा. सेल "उतरला" म्हणजे आत जस्ताची रासायनिक क्रिया आणखी होण्याजोगी उरली नाही. त्यात विजेचा साठा भरलेला होता आणि तो रिकामा झाला, असं घडत नाही.

एक बारीक मुद्दा सुटता कामा नये, कारण वहीवालीने तो विचारला. बल्ब दुप्पट, मग धारा ०.३१ ची निम्मी का झाली नाही, ०.२२ का राहिली? याचं कारण फिलामेंट. लख्ख पेटलेल्या फिलामेंटचं तापमान सुमारे २५०० अंश सेल्सिअस असतं (टंगस्टन वितळतो ३४२२ अंशांना, म्हणून तो तग धरतो), आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. मंद बल्बचं फिलामेंट कमी तापलं, त्याचा रोधही उतरला, आणि धारा निम्म्याच्या वरच राहिली. ओहमचा नियम चुकला नव्हता, मूठच जरा सैल झाली होती.

दोरीनंतरचे दोन प्रश्न

धाकटीने विचारलं, "बटण दाबलं की लगेच पेटतो, म्हणजे वीज खूप जोरात पळते ना?" धातूत इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विजेचे सूक्ष्म कण, आधीपासूनच सगळीकडे असतात, दोरी जशी आधीच सगळ्यांच्या मुठीत होती. फेरी बंद झाली की सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात. सरकण्याचा इशारा प्रकाशाच्या वेगाच्या घरात पसरतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन मात्र गोगलगायीहून हळू जातो. आमच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत ०.३ अँपिअर धारा असताना एक सेंटिमीटर सरकायला त्याला सुमारे दीड मिनिट लागतं. वीतभर तार ओलांडेपर्यंत आमचा अर्धा तास सरला असता. हे ऐकून चौघेही तारेकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागले.

दिशेचा घोळ थोडक्यात सांगितला. धारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे जाते असं मानायचा संकेत जुना आहे, धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात रूढ केली. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७चा, जे. जे. थॉमसन यांचा, आणि तो निघाला उलट्या बाजूने जाणारा. संकेत कोणी बदलला नाही.

दुसरा प्रश्न खटपट्याचा : "मग घरात एक दिवा विझवला की सगळे का विझत नाहीत?" याला उत्तर म्हणजे समांतर जोडणी. प्रत्येक बल्बला सेलपासून स्वतःची वेगळी फेरी द्यायची. तसे दोन बल्ब लावले, दोन्ही लख्ख पेटले. एक फिरवून काढला तरी दुसरा चालूच. सेलकडून निघणारी एकूण धारा मोजली ती जवळपास दुप्पट, ०.५९. म्हणजे सेलही सुमारे निम्म्या वेळात उतरणार. दोरीत सांगायचं तर माझ्या हातात आता दोन वेटोळी होती आणि दोन्ही मलाच ओढायची होती.

पाण्याची नोंद, जी पुसावी लागली

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी परीक्षक बनवला. दोन सेल, एक बल्ब, आणि फेरीत मुद्दाम ठेवलेली एक फट, तिची दोन मोकळी टोकं. ज्या वस्तूने फट बुजल्यावर बल्ब पेटतो ती सुवाहक. किल्ली पेटली. खोडरबर नाही. पेन्सिलीचं शिसं मंद पेटलं, कारण त्यातला ग्रॅफाइट वीज नेतो पण तांब्याइतकी सहज नाही. रंग दिलेला पत्रा पेटला नाही, रंग खरवडला तिथे पेटला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग टोकं पाण्यात बुडवली. बल्ब पेटला नाही. वहीवालीने लिहिलं : पाणी, दुर्वाहक.

ती नोंद मी तिथेच थांबवली. दिवसभरात एवढ्या एकाच गोष्टीवर मी आवाज चढवला. बल्ब पेटला नाही याचा अर्थ वीज गेलीच नाही असा नाही. बल्बला दिसण्याजोगी वीज गेली नाही, एवढाच. आमचा बल्ब ०.२२ अँपिअरला आधीच मंद होता. पाण्यात मीटर लावला तेव्हा आकडा आला, छोटा, पण आला. चिमूटभर मीठ टाकल्यावर वाढला. माणसाच्या जिवाला धोका व्हायला लागणारी धारा या बल्बला लागणाऱ्या धारेपेक्षा कितीतरी कमी असते. घरात गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच ३० मिलिअँपिअरला, म्हणजे ०.०३ अँपिअरला पडतो तो त्याचसाठी. आमच्या मंद बल्बला लागली त्याच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. तीन व्होल्टचे सेल कोरड्या कातडीतून जाणवण्याइतकी धारा ढकलू शकत नाहीत, म्हणून हाताळायला चालतात. भिंतीतल्या पुरवठ्याचा जोर कितीतरी पट मोठा असतो आणि ओला हात रोध कमी करतो. या परीक्षकाची टोकं भिंतीतल्या सॉकेटच्या जवळपासही न्यायची नाहीत, कधीच नाही, हे चौघांकडून एकेक करून म्हणवून घेतलं. वहीतली ओळ खोडून वहीवालीने लिहिलं : पाणी, वीज नेतं, बल्बला कळत नाही.

टॉर्चकडे परत

चौथ्या आठवड्यात टॉर्च पुन्हा टेबलावर आली. या वेळी कोणी "तार नाही" म्हटलं नाही. उंच मुलाने विचारलं ते असं : "बल्बच्या बाजूच्या टोपीपासून सेलच्या बुडापर्यंत वाट कशी आहे?"

त्यांनी ती शोधून काढली. बल्बच्या टोपीला टेकलेलं धातूचं कडं, कड्यापासून बटणाखालची पट्टी, पट्टीपासून नळकांडी, नळकांडीच्या मागच्या आट्यांवर बसणारं झाकण, झाकणातली स्प्रिंग, आणि स्प्रिंग टेकते मागच्या सेलच्या बुडाला. परतीची तार म्हणजे टॉर्चचं अख्खं अंगच होतं. इतकी जाड तार की ती तार म्हणून दिसत नव्हती.

मग परीक्षक काढला. बल्ब फिरवून काढून तपासला, पेटला. कडं आणि पट्टी, पेटला. पट्टी आणि नळकांडी, बटण पुढे सरकवल्यावर पेटला, मागे घेतल्यावर विझला, म्हणजे बटणही ठीक. स्प्रिंग आणि झाकणाची आतली कड, पेटला. खटपट्याने परीक्षकाचं एक टोक झाकणावर आणि दुसरं नळकांडीवर टेकवलं, झाकण पूर्ण आवळलेलं असताना. नाही पेटला. त्याने टोक सरकवून पुन्हा बघितलं, "बाहेरून रंग आहे" म्हणत आतल्या बाजूने टेकवलं. तरी नाही.

झाकण उघडून भिंगाने पाहिलं तर आट्यांवर पांढुरकी राखाडी खपली बसली होती. कधीतरी आतला सेल पाझरला असणार. अल्कलाइन सेलमधलं द्रव दाहक अल्कली असतं आणि हवेत त्याची पांढरी खपली होते. बोटाने खरवडायची नाही, म्हणून ती मी हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसली आणि कोरडी केली. खाली उरलेला काळपट थर मात्र मुलांनी काढला, पहिल्या आठवड्यातल्याच पॉलिश पेपरने, तीच घडी करून, आट्यांमधून फिरवत. धाकटीने झाकणाच्या आट्या घासल्या. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण ती मधूनमधून थांबून भिंगातून पाहत होती, चकाकी आली का ते.

सेल घातले, झाकण आवळलं, बटण सरकवलं. टॉर्च पेटली.

सगळ्यांनी आळीपाळीने भिंतीवर उजेड पाडून झाला. मग धाकटीने टॉर्च मागून घेतली. बटण पुढेच होतं. तिने मागचं झाकण हळूहळू सैल करायला घेतलं, चार-पाच फेरे. स्प्रिंग सेलच्या बुडापासून सुटली आणि उजेड गेला. परत आवळलं, आला. असं दोन-तीनदा करून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, हेच बटण आहे की. दुसरं कशाला लावलंय?"

उंच मुलाने टॉर्च तिच्या हातातून घेतली, स्वतः झाकण फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "एका हाताने पेटवता यावी म्हणून."